‘पुरुष वॉर्ड की महिला वॉर्ड?’ ट्रान्सजेंडर पेशंटची काळजी घ्यायला नर्सिंगची मुलंमुली तालमीतून कशी शिकतात?

अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात ३२ वर्षांचा एक माणूस आला. पोटात जोरात कळा येत होत्या. बॉयफ्रेंड सोबत होता. कोणत्या पेशंटला आधी बघायचं हे ठरवणारी नर्स दारातच असते. तिला त्याने सांगितलं, मी ट्रान्सजेंडर पुरुष आहे. घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली, हेही सांगितलं. कपड्यातच लघवी झाल्यासारखं वाटलं, असंही म्हणाला.

म्हणजे लपवलं काहीच नाही.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावापुढे ‘पुरुष’ अशी नोंद होती. नर्सने पाहिलं की वजन जास्त आहे, बीपी वाढलेलं आहे, बीपीच्या गोळ्या बंद केलेल्या आहेत. तिने ठरवलं, पेशंट स्थिर आहे, फार घाई नाही. रक्त तपासायला घेतलं आणि पेशंट थांबून राहिला. काही तासांनी डॉक्टर आले तेव्हा कळलं की तो खरंच गरोदर आहे, दिवस भरत आलेले आहेत आणि बाळाची नाळ आधी बाहेर सरकली आहे. तातडीने सिझेरियनला नेलं. बाळ मृत जन्मलं.

ही केस २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आली आणि जगभर गाजली. पेशंटचं खरं नाव छापलं नाही, त्याला ‘सॅम’ म्हटलं गेलं.

आता यातली गंमत नाही, तर गोची बघा. ती नर्स काही दुष्ट नव्हती. तिने त्याला हाकललं नाही, टोमणे मारले नाहीत, सगळं ऐकून घेतलं, रक्ताची तपासणीही पाठवली. पण ‘पोटात कळा, पाणी गेलंय, टेस्ट पॉझिटिव्ह’ हे तीन शब्द एखाद्या बाईच्या तोंडून आले असते, तर तिने क्षणात स्ट्रेचर मागवलं असतं. समोर पुरुष होता. कानांनी ऐकलं, पण डोक्यातल्या कोणत्याच कप्प्यात ते बसलं नाही.

इथूनच आजचा विषय सुरू होतो. ट्रान्सजेंडर लोकांशी सौजन्याने वागा, असं नर्सिंगच्या मुलींना आणि मुलांना वर्गात एक तास सांगितलं तर हा कप्पा तयार होतो का? जगभरातल्या अनेक नर्सिंग कॉलेजांचं उत्तर आहे, नाही होत. त्यासाठी तालीम लागते. या तालमीला म्हणतात सिम्युलेशन.

आधी नर्सच का?

हॉस्पिटलच्या दारातून आत आल्यावर डॉक्टर भेटायला वेळ लागतो. त्याआधी नाव विचारणारी, वजन करणारी, बीपी बघणारी, कपडे बदलायला सांगणारी, कुठल्या खाटेवर झोपायचं ते दाखवणारी असते ती सिस्टर. रात्री दोन वाजता बेल वाजवली की येते तीही सिस्टरच. लघवीची नळी घालणं, ईसीजीसाठी छातीवर वायरी लावणं, अंग पुसून देणं, ही सगळी शरीराच्या अगदी जवळची कामं तिची.

ट्रान्सजेंडर माणसाला हॉस्पिटलमध्ये नेमकी भीती याच क्षणांची वाटते. अमेरिकेत २०१५ साली सुमारे २७,७०० ट्रान्सजेंडर लोकांचं मोठं सर्वेक्षण झालं. त्यात आधीच्या वर्षभरात डॉक्टरकडे गेलेल्यांपैकी एक तृतीयांश लोकांना ट्रान्सजेंडर असल्यामुळे निदान एक तरी वाईट अनुभव आला होता. २३ टक्के लोकांनी तर वाईट वागणूक मिळेल या भीतीने, गरज असूनही डॉक्टरकडे जाणंच टाळलं होतं. आजार अंगावर काढायचा आणि अगदीच जिवावर आलं की इमर्जन्सी गाठायची, हे मग ओघाने आलंच.

आणि शिकवलं काय जातं? २०१५ मध्येच अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एलजीबीटी समाजाच्या आरोग्यावर बीएस्सी नर्सिंगच्या पूर्ण अभ्यासक्रमात साधारण किती वेळ जातो, असं विचारल्यावर मध्यमान आलं दोन तासांच्या आसपास. चार वर्षांत दोन तास. त्यातही ‘टी’ च्या वाट्याला किती आले असतील, याचा अंदाज करा.

बाहुलीपासून नटापर्यंत

सिम्युलेशन म्हटलं की लोकांना लाखो रुपयांचा, घोरणारा आणि डोळे मिचकावणारा रोबो आठवतो. पण नर्सिंगमधली ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलने मार्था चेस नावाच्या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडून माणसाच्या उंचीची एक बाहुली करून घेतली. तिचं नाव पडलं ‘मिसेस चेस’. तिला उचलायचं, कूस बदलायची, कपडे घालायचे. पुढच्या आवृत्तीत तिला इंजेक्शन टोचायचीही सोय झाली. खऱ्या पेशंटवर हात साफ करण्यापेक्षा बाहुलीवर केलेला बरा, इतका साधा हिशोब.

दुसरा टप्पा १९६३ चा. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातले मेंदूविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी एका मॉडेलला पेशंटचं सोंग घ्यायला शिकवलं आणि विद्यार्थ्यांना तिची तपासणी करायला लावली. वैद्यकीय शिक्षणात हॉलिवूड घुसवताय का, म्हणून सुरुवातीला थट्टा झाली. आज जगभरच्या मेडिकल कॉलेजांत हे ‘स्टँडर्डाइज्ड पेशंट’ परीक्षेलासुद्धा बसवले जातात.

पण याचा खरंच उपयोग होतो का, असा प्रश्न येतोच. अमेरिकेतल्या नर्सिंगच्या राज्य मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने १० कॉलेजांमध्ये एक दीर्घ अभ्यास केला, तो २०१४ मध्ये आला. ६६६ विद्यार्थी शेवटपर्यंत त्यात राहिले. वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनने भरून काढले, तरी विद्यार्थ्यांचं ज्ञान, लायसन्स परीक्षेचा निकाल आणि नोकरी लागल्यावर वरिष्ठांनी केलेलं मूल्यमापन यात फरक पडला नाही. अट मात्र होती. शिकवणारे प्रशिक्षित हवेत आणि तालमीनंतरची चर्चा नीट व्हायला हवी.

वॉर्डात रोज पेशंट असताना ट्रान्सजेंडर पेशंटसाठी सोंग कशाला, याचं उत्तर इथे आहे. हार्ट अटॅकचा पेशंट शिकताना कधी ना कधी दिसतोच. ट्रान्सजेंडर पेशंट चार वर्षांत एकदाही वाट्याला न येता मुलगी पास होऊ शकते. किंवा आलाच, तर सगळ्या बॅचला ‘बघायला’ बोलावलं जातं. शिकणाऱ्याची चूक खऱ्या माणसाला भोगावी लागू नये, हा सिम्युलेशनचा मूळ नियम, आणि तो इथे दुप्पट लागू होतो. सुई दुसऱ्यांदा टोचता येते, पण भरल्या वॉर्डात चुकीच्या नावाने मारलेली हाक परत घेता येत नाही.

तालमीत होतं काय?

आपल्याकडचा प्रसंग घेऊन बघू. हा प्रसंग बनवलेला आहे, पण असे कितीतरी रोज घडतात.

समजा, तालुक्याचं उपजिल्हा रुग्णालय. संध्याकाळची वेळ. चार दिवसांचा ताप, अंगावर बारीक लाल पुरळ, चक्कर येतेय, डेंग्यूचा संशय. पेशंटने साडी नेसली आहे. सोबत तिची गुरू आणि दोन चेल्या. विद्यार्थिनी ड्युटीवरच्या सिस्टरच्या भूमिकेत आहे.

“नाव?”

“सपना.”

“आधारवर तर संतोष आहे.”

इथे रांगेतली चार माणसं मागे वळून बघतात. म्हणजे वर्गातल्याच चार विद्यार्थ्यांना तसं बघायला सांगितलेलं असतं. पेशंट गप्प होते. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’, एवढंच. औषधं काय घेता? काही नाही. खरं तर ती कुणाच्या तरी सल्ल्याने मेडिकलमधून हार्मोनच्या गोळ्या घेते आहे. पण ज्या बाईने चारचौघांत आपलं आधारवरचं नाव मोठ्याने वाचलं, तिला हे कोण सांगेल?

तालीम थांबते. पाच मिनिटांनी तोच प्रसंग पुन्हा. या वेळी विद्यार्थिनी आवाज खाली आणते. “कागदावर आधारचं नाव लिहावं लागतं, पण मी तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?” ‘सपना’ हे नाव ती केस पेपरवर वर ठळक लिहिते, म्हणजे पुढच्या शिफ्टची सिस्टरही तेच वापरेल. मग विचारते, “कसली औषधं चालू आहेत? विकत घेतलेली, कुणी दिलेली, काहीही असू दे. सलाईन आणि गोळ्या ठरवायला मला माहीत हवं.” आता उत्तर येतं.

तापाचा पेशंट तोच आहे. पहिल्या वेळी मिळालेली माहिती अर्धी होती, दुसऱ्या वेळी पूर्ण. चांगलं वागणं आणि चांगला उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही जागा लक्षात ठेवावी.

पुढे अडचणी वाढत जातात. गुरूला विचारलं जातं, “तुम्ही पेशंटच्या कोण?” घरच्यांनी कधीच संबंध तोडलेले असतात, दहा वर्षं गुरूच सांभाळते आहे. फॉर्मवर मात्र वडील, भाऊ, नवरा एवढेच रकाने. शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती ही तिची स्वतःची असते, ‘नातेवाईक आणा’ ही आपल्या हॉस्पिटलांची सवय आहे. हे पुस्तकात वाचलेलं असतं. दारात तीन माणसं वाट बघत उभी असताना ते आठवणं वेगळं.

मग शरीराचं. लघवीची नळी घालायची वेळ आली. हिजडा समाजातल्या काही जणींचं पारंपरिक पद्धतीने ‘निर्वाण’ झालेलं असतं, कधी कधी लघवीचा मार्ग आकसलेला असतो. पांघरूण उचलल्यावर विद्यार्थिनीचा चेहरा बदलला तर पेशंटला ते पहिल्यांदा दिसतं. म्हणून आधी पडदा ओढायचा, काय करणार आहे ते सांगायचं, “याआधी नळी घालताना कधी त्रास झाला होता का?” एवढंच विचारायचं. उपचाराला लागतं ते विचारायचं. आपल्या कुतूहलाला लागतं ते विचारायचं नाही. या दोहोंतली रेघ ओळखणं हे तालमीतलं सगळ्यात अवघड काम असतं.

आणि काही शुद्ध वैद्यकीय गोष्टी. इस्ट्रोजेन घेणाऱ्या पेशंटला ऑपरेशननंतर बरेच दिवस झोपून राहावं लागलं तर पायात रक्ताची गाठ होण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिनचे ‘नॉर्मल’ आकडे पुरुष आणि बाई यांच्यासाठी वेगळे छापलेले असतात, हार्मोन चालू असलेल्याला कोणते लावायचे हा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडावा लागतो. ट्रान्स स्त्रीला प्रोस्टेट असते, ट्रान्स पुरुषाला गर्भाशय असू शकतं. टेस्टोस्टेरॉनने पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणारच नाही असं नाही. सॅमची गोष्ट पुन्हा आठवा.

उलट टोकाची चूकही शिकवतात. हात मोडून आलेल्या ट्रान्सजेंडर पेशंटलाही सगळे प्रश्न हार्मोनचे आणि ऑपरेशनचेच विचारायचे, ही. इंग्रजीत तिला चक्क ‘ट्रान्स ब्रोकन आर्म सिंड्रोम’ असं नाव पडलं आहे. म्हणून चांगल्या तालमीत पेशंट दमा, डेंग्यू, अपघात असं काहीतरी घेऊन येते.

प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा असतो. त्यानंतरची चर्चा, म्हणजे डीब्रीफिंग, त्याच्या दुप्पट. काय झालं, तेव्हा मनात काय आलं, पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल. कुणी कबूल करतं की मला भीती वाटली, टाळ्या वाजवून शिव्या देतील असं वाटलं. हे बोलून दाखवायची जागा वॉर्डात नसते.

मराठीत ही तालीम वेगळी का लिहावी लागेल?

इंग्रजीतल्या सगळ्या तालमी एका मुद्द्यावर बराच वेळ घालवतात. ‘ही’ म्हणायचं की ‘शी’? हे जसंच्या तसं उचलून आपल्याकडे आणण्यात अर्थ नाही, कारण मराठीत लिंग फक्त सर्वनामात नसतं, क्रियापदातही शिरलेलं असतं. ‘तू कधी आलास?’ की ‘आलीस?’ पेशंटशी थेट बोलतानाच निवड करावी लागते. इंग्रजीतल्या ‘यू’ ला ही अडचण नाही.

पण मराठीने तोडगाही ठेवला आहे, आणि तो आपल्या आज्यांनाही माहीत होता. ‘तुम्ही कधी आलात?’ ‘तुम्ही जेवलात का?’ ‘तुम्हाला कुठे दुखतंय?’ एकदा अहो-जाहो सुरू केलं की यातून पुरुष की बाई हे कळतच नाही. सरकारी दवाखान्यात गरीब पेशंटला सर्रास ‘ए, इकडे ये’ म्हटलं जातं. आदरार्थी बोलण्याची सवय लागली तर ट्रान्सजेंडर पेशंटचा अर्धा प्रश्न सुटतो आणि बाकी सगळ्या पेशंटचंही भलं होतं.

अडचण येते ती पाठीमागे बोलताना. शिफ्ट बदलताना सिस्टर दुसरीला सांगते, “सात नंबरला ताप आहे, तो सकाळपासून जेवला नाही...” पेशंट तिथेच झोपलेली असते, ऐकत असते. ‘ते’ आणि ‘त्या’ मध्येही लिंग येतंच. म्हणून ड्युटी सोपवण्याचा प्रसंग मराठी तालमीत मुद्दाम घालावा लागेल.

शिवाय आपल्या वॉर्डात नावाने हाक मारतो कोण? काका, आजी, ताई, दादा, भाऊ. हे सगळं नातं जोडणारं आणि लिंग ठरवणारं. ‘मावशी’ म्हणावं तर वॉर्डातली आयाबाई वळून बघते. सरळ विचारायचं, “ताई म्हणू का?” अनोळखी माणसाला नात्याने हाक मारायची आपली रीत इथे कामाला येते. “ताई म्हणू का” असं विचारणाऱ्या सिस्टरबद्दल पेशंटला जो विश्वास वाटेल, तो कुठल्याही पोस्टरने येणार नाही.

अजून एक. अमेरिकन प्रसंगातला ट्रान्स पेशंट बहुतेकदा एकटा येतो, विम्याचं कार्ड घेऊन. आपल्याकडे गुरू-चेल्यांचं घर आहे, जोगते-जोगतिणींची परंपरा आहे, आणि त्याच वेळी पुण्याच्या आयटी कंपनीत काम करणारा, कुणाला काहीही न सांगितलेला ट्रान्स पुरुषही आहे. तृतीयपंथी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त सिग्नलवरची साडी येते, त्यामुळे हा पेशंट तर पूर्णच निसटतो. तालमीत तो हवाच.

कायदा काय म्हणतो? तो नर्सला विसरला

२०१४ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने ‘नालसा’ निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींना स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क मान्य केला आणि हॉस्पिटलांत त्यांची नीट वैद्यकीय काळजी घ्या, असंही सरकारांना बजावलं. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवा नाकारणं किंवा त्यात भेदभाव करणं याला मनाई केली. त्याच कायद्याच्या कलम १५ मध्ये सरकारने काय काय करावं याची यादी आहे. त्यात वैद्यकीय अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्याची गोष्ट आहे. कुणासाठी? ‘डॉक्टरांसाठी’. नर्सचा तिथे उल्लेखच नाही.

अभ्यासक्रमावरून आत्तापर्यंत झालेली लढाईसुद्धा डॉक्टरांच्याच पुस्तकांवरून झाली. मद्रास हायकोर्टात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ साली चाललेल्या एस. सुषमा प्रकरणानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कॉलेजांना आणि प्रकाशकांना सांगितलं की समलैंगिक आणि ट्रान्सजेंडर लोकांबद्दल अपमानास्पद मजकूर शिकवू नका. २०२४ च्या ऑगस्टअखेर त्याच आयोगाच्या नव्या मार्गदर्शक सूचनांत न्यायवैद्यक विषयात समलिंगी संबंध पुन्हा लैंगिक गुन्ह्यांच्या यादीत आले, आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत सूचना मागे घ्याव्या लागल्या.

नर्सिंगच्या पुस्तकांकडे इतकं बारीक लक्ष कुणी दिलेलं नाही. एकदाच दिलं गेलं, २०२२ मध्ये, नर्सिंगच्या एका समाजशास्त्राच्या पुस्तकात हुंड्याचे ‘फायदे’ छापलेलं पान व्हायरल झालं तेव्हा. तुमच्याही फोनवर ते आलं असेल. सोशल मीडियाने पान हलवलं म्हणून इंडियन नर्सिंग कौन्सिल हलली. हुंड्याच्या पानाचं असं असेल, तर बाकीच्या पानांचं काय?

बरं, यंत्रणा नाही असंही नाही. कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात सेमिस्टर पद्धत आली, स्किल लॅब आली, सिम्युलेशनला शिकवण्याची रीतसर पद्धत म्हणून जागा मिळाली. खोली आहे, पुतळे आहेत, तास आहेत. तिथे कोणता प्रसंग खेळायचा, एवढंच ठरवायचं बाकी आहे.

दुसऱ्या बाजूला पेशंट येण्याची शक्यता वाढते आहे. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ नोंदवलेले लोक देशात ४,८७,८०३ होते, महाराष्ट्रात ४०,८९१. खरा आकडा याहून बराच मोठा असणार, कारण घरी आलेल्या गणना कर्मचाऱ्याला हे सांगणार कोण? २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ची घोषणा झाली. ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र असलेल्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, त्यात लिंगबदलाच्या शस्त्रक्रियाही. त्याआधी वर्षानुवर्षं आरोग्य खात्याची आणि या समाजाची गाठ पडायची ती मुख्यतः एचआयव्हीच्या कार्यक्रमात. कार्ड हातात आल्यावर पेशंट मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा घेऊन नेहमीच्या वॉर्डात येणार, आणि तिथली सिस्टर तयार नसणार.

वॉर्डाचा प्रश्न किती जिवावर बेतू शकतो हे पाकिस्तानात दिसलं. २०१६ च्या मे महिन्यात पेशावरमध्ये अलिशा या ट्रान्सजेंडर कार्यकर्तीला गोळ्या घातल्या गेल्या. हॉस्पिटलने तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यात वेळ घालवला, असा आरोप तिच्या सहकाऱ्यांनी केला. ती वाचली नाही.

मुंबईच्या जीटी हॉस्पिटलमध्ये २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला, ते चांगलंच झालं. पण मध्यरात्री अपघात झालेली पेशंट परभणीहून सीएसएमटीला कशी पोचणार? खास वॉर्डाचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरला तयार करण्याची फीत नसते, म्हणून ते काम मागे पडतं, असं माझं मत.

सोंग कुणी घ्यायचं?

इथे खरा वाद आहे. सोपा मार्ग म्हणजे लॅबमधल्या पुतळ्याला विग आणि लिपस्टिक लावणे. यात विद्यार्थी हसतात आणि ज्या चेष्टेतून बाहेर काढायचं तीच चेष्टा पक्की होते. दुसरा मार्ग, एखाद्या विद्यार्थ्याला किंवा नटाला ट्रान्सजेंडर पेशंट बनवणे. आपल्या सिनेमांनी आणि कॉमेडी शोंनी पुरुषाला साडी नेसवून जे केलंय, ते बघता हा धोका नको.

तिसरा मार्ग, ट्रान्सजेंडर व्यक्तीलाच पेशंटची भूमिका देणे, आणि प्रसंग लिहितानाच सोबत घेणे. बहुतेक जाणकार याच बाजूचे आहेत. याचा एक फायदा कागदावर येत नाही. आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यातलं तृतीयपंथी व्यक्तीशी झालेलं हे पहिलंच असं संभाषण असतं, ज्यात कुणी पैसे मागत नाही आणि कुणी तोंड फिरवत नाही. समोरची व्यक्ती त्यांना शिकवते, चूक दाखवते, मार्क देते.

पण अपमानाचा प्रसंग दिवसाला आठ बॅचसमोर आठ वेळा जगायचा, हे त्या व्यक्तीसाठी काही खेळ नाही. म्हणून मध्येच थांबवण्याचा अधिकार तिचा असावा, खरी तपासणी शरीरावर न होता पुतळ्यावर व्हावी, तिच्या खासगी आयुष्याबद्दल प्रश्न नकोत. आणि पैसे. पाहुण्या व्याख्यात्याला मानधन देतात तेवढं मानधन. शाल-श्रीफळावर भागवण्याची आपली सवय इथे चालणार नाही.

वर्गातही कुणी ट्रान्सजेंडर असू शकतं, हे शिकवणारे विसरतात. तामिळनाडूत २०१९ च्या डिसेंबरमध्ये अन्बू रूबी या ट्रान्स स्त्रीला सरकारी नर्सची नेमणूक मिळाली, त्याची देशभर बातमी झाली. म्हणजे त्याआधी ती चार भिंतींच्या वर्गात इतरांसारखीच बसून शिकली होती. अशा विद्यार्थिनीला ‘तूच सांग तुमच्यात कसं असतं’ म्हणून सगळ्यांसमोर उभं करणं हा तालमीतला सगळ्यात वाईट प्रकार.

मग यातून पेशंटचं भलं होतं, हे सिद्ध झालंय का?

अर्धंमुर्धं. आत्तापर्यंतचे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले, आणि बरेचसे एकेका कॉलेजातले, छोटे. तालमीआधी आणि तालमीनंतर प्रश्नावली भरून घेतात. माहिती वाढलेली दिसते, आत्मविश्वास वाढलेला दिसतो. पण आत्मविश्वास विद्यार्थ्याचा असतो. वर्षभराने रात्रपाळीत, चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना ती ‘कोणत्या नावाने हाक मारू’ विचारते का, हे मोजायला वॉर्डात जावं लागतं आणि पेशंटला विचारावं लागतं. ते फार कमी लोकांनी केलंय. त्यात २०२५ पासून ट्रम्प सरकारने ट्रान्सजेंडर आरोग्यावरच्या अनेक संशोधनांचा निधी बंद केल्याने अमेरिकेतून येणारी उत्तरंही आटणार.

एक आक्षेप तुम्हीही ऐकला असेल. सिस्टर आधीच कामाने पिचलेल्या असतात, त्यांच्यावर आता हे नवं ओझं कशाला? पिचलेल्या असतात हे शंभर टक्के खरं, आणि नर्सची रिकामी पदं भरल्याशिवाय कुठलीच तालीम टिकणार नाही हेही खरं. पण नाव विचारायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ‘कोणत्या नावाने हाक मारू’ विचारायला लागतो. वेळ जातो तो वाद झाल्यावर, पेशंट रागाने निघून गेल्यावर, अर्धवट माहितीवर चुकीची गोळी दिल्यावर.

खर्चाचं म्हणाल तर त्या घोरणाऱ्या रोबोची इथे गरजच नाही. एक खाट, एक पडदा, कोरा केस पेपर, मानधन घेऊन आलेली एक ट्रान्सजेंडर शिक्षिका, आणि चर्चा घ्यायला शिकलेल्या एक मॅडम. महाराष्ट्रातल्या कुठल्याही नर्सिंग कॉलेजात पहिल्या तीन गोष्टी आजच सापडतील. चौथीसाठी शहरातल्या एखाद्या संस्थेला फोन करावा लागेल. पाचवीसाठी मात्र आधी शिक्षकांची तालीम घ्यावी लागेल, कारण त्यांनाही हे कुणी कधी शिकवलेलं नाही.